इतवारीतलं आजोबांचं दुकान: विकायचं की चालवायचं, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो नीट समजला का, हे तुम्हालाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीजवळच्या गल्लीत तुमच्या आजोबांनी १९५६ साली किराणा-मसाल्याचं दुकान टाकलं. जागा भाड्याची, भाडं महिना ३८० रुपये. आजोबांनंतर बाबा गादीवर बसतात, त्यांचं वय ७२. मदतीला ३८ वर्षांपासूनचा एक माणूस आहे. रोजची विक्री ९,००० च्या आसपास. पूर्वी यापेक्षा बरीच जास्त होती. घरमालकाच्या नातवाला वाडा पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं आहे आणि तो एकरकमी पैसे घेऊन जागा सोडा म्हणतो. तुम्ही पुण्यात नोकरीला, बहीण अमरावतीला. तुमचा प्रश्न असा, की पैसे घेऊन मोकळं व्हावं, की एसी, काचा, वेबसाइट करून दुकानाला नवं रूप द्यावं?

मी ३४ वर्षं करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक इतवारी, महाल, गांधीबाग, मस्कासाथ इथले, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे दुकानदार. तुमचा प्रश्न वाचल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत बंद झालेली जुनी दुकानं मी एकेक करून आठवून पाहिली. ऑनलाइन खरेदीमुळे किंवा मॉलमुळे बसलेली फारच थोडी निघाली. बाकीची मालक गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत बंद पडली. भाड्याच्या पावत्या सापडल्या नाहीत, बँकेचं खातं अडकलं, भावाबहिणींत एकमत झालं नाही, माल कोणाकडून यायचा आणि उधारी कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येईना. सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एका लाकडी पेटीत होतं.

म्हणून मला वाटतं, तुमचा आजचा खरा प्रश्न दुकान ठेवायचं की विकायचं हा नाहीच. बाबांकडे नेमकं काय काय आहे आणि त्यातलं किती त्यांच्यानंतर तुमच्या हाती राहील, हे आधी पाहायला हवं. जुन्या दुकानात चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: जागेचा हक्क, दुकानाचं नाव, गिऱ्हाईक आणि मालाची पारख. आपण चौघींना मिळून ‘दुकान’ म्हणतो. पण कायदा प्रत्येकीला वेगळं धरतो आणि किंमतही वेगळी येते. घरमालक तुम्हाला पैसे देतोय ते फक्त पहिलीचे.

आधी कमाईचं पाहू, कारण तुम्ही विक्री सांगितली, नफा सांगितला नाही. रोज ९,००० म्हणजे २६ दिवसांचे २,३४,०००. साखर, रवा, तेलात फारसं सुटत नाही, मसाल्यात बरं सुटतं. सरासरी १२ टक्के धरू. ते झाले २८,०८०. त्यातून माणसाचा पगार १४,०००, वीज २,५००, हमाली-पुड्या १,२०० आणि भाडं ३८० गेलं की हातात १०,००० राहतात. पगाराचा आकडा मी अंदाजाने धरलाय, तुमचा टाकून पुन्हा मांडा. यात बाबांच्या दहा तासांच्या बसण्याची मजुरी धरलेली नाही. आणि हेच दुकान आजच्या बाजारभावाच्या भाड्यात असतं तर खिशातून घालावे लागले असते. ऐकायला बरं वाटणार नाही, पण तुमचं दुकान मिरचीवर कमी आणि जुन्या भाड्यावर जास्त चाललंय. हे कळल्याशिवाय काचा आणि एसी बसवले, तर विजेचं बिलच तो नफा खाऊन टाकेल.

याच आकड्यात एक चांगली गोष्टही आहे. वर्षाची विक्री २८ लाखांच्या आसपास होते. फक्त माल विकणाऱ्याला, आणि तोही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पुष्कळ जुन्या दुकानांची नोंदणी व्हॅटच्या काळापासून आहे, १ जुलै २०१७ ला ती आपोआप पुढे आली आणि ती सोडण्याचा आजतागायत कोणी विचारच केला नाही. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत) असाल तर करपात्र विक्रीवर १ टक्का म्हणजे वर्षाला २८,००० रुपयांपर्यंत भरताय, जवळजवळ तीन महिन्यांची कमाई. यावर कोणी म्हणेल, की सावजी भोजनालयवाल्यांना पक्कं बिल लागतं. पण ५ टक्के कर लावणाऱ्या भोजनालयाला खरेदीवरच्या कराची वजावट मिळतच नाही. त्यांना तुमच्या बिलावर कर दिसला काय नि न दिसला काय, हिशेबात फरक पडत नाही. मात्र वेबसाइट काढून राज्याबाहेर, रायपूरला किंवा छिंदवाड्याला पार्सल पाठवायचं असेल तर नोंदणी लागेल आणि कंपोझिशनही चालणार नाही. म्हणजे वेबसाइटचा निर्णय हा कराचाही निर्णय आहे. तो घेण्याआधी तुमच्या करसल्लागाराशी बोला.

आता गिऱ्हाईक. विक्री उतरली ती ऑनलाइनमुळे, असं तुम्ही गृहीत धरलंय. असेलही. पण माझ्याकडे कोणी असं म्हणालं की मी विचारतो, कोणतं गिऱ्हाईक तुटलं ते सांगा. तुमच्या भागातल्या दुकानांची एक गोष्ट बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. इतवारी स्टेशनवर छोट्या लाइनच्या (नॅरोगेज) गाड्या यायच्या. एक छिंदवाड्याहून, दुसरी नागभीडहून उमरेड-भिवापूर करत. सकाळी उतरणारे लोक लग्नाचा किराणा, मसाला, भांडी, लुगडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तेवढ्या वर्षांत त्या गावांनी आपापली दुकानं शोधली. भिवापूर-उमरेडकडचं गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या तुमच्या गल्लीत येत असेल, तर तुमची घट मोबाइलमधून कमी आणि त्या रुळांवरून जास्त झालेली असू शकते. दोन्हींवरचा उपाय वेगळा. मोबाइलमुळे तुटलेला माणूस दराकडे पाहतो. गाडीमुळे तुटलेल्याला माल तोच हवा असतो, फक्त येणं जमत नाही. त्याला फोनवर यादी घेऊन माल पोचवला तर तो परत येतो.

हे शोधायला सोपी युक्ती आहे. बाबांच्या उधारीच्या वह्या घ्या. दहा वर्षांपूर्वीची एक आणि आत्ताची एक शेजारी ठेवा. पहिल्या वहीतली कोणती नावं, कोणती गावं दुसऱ्या वहीत नाहीत ते लिहून काढा. माझ्याकडच्या एका भांडीवाल्यांनी असं केलं तेव्हा गेलेली निम्म्याहून जास्त नावं एकाच रस्त्यावरच्या चार-पाच गावांची निघाली. त्यांनी दर पंधरवड्याला एक दिवस त्या रस्त्याने टेम्पो न्यायला सुरुवात केली. मी त्यांची विवरणपत्रं भरतो, म्हणून ठामपणे सांगू शकतो, की तेव्हापासून विक्री सावरली.

उधारीच्या वहीबद्दल आणखी एक. तीन वर्षं उलटलेली उधारी कोर्टातून वसूल होत नाही, जोवर त्या मुदतीच्या आत समोरच्याने लेखी मान्य केलेली किंवा त्यातलं काही सहीनिशी भरलेलं नसेल. बाबा म्हणतील, अमक्याकडे लाखभर येणं आहे. त्यातलं कायद्याने किती जिवंत आहे ते वेगळं काढा. उरलेलं शब्दाचं येणं आहे. बाबा स्वतः फोन करतील तर त्यातलं बरंचसं मिळेल, तुम्ही मागायला गेलात तर मिळणार नाही.

आता जागा. इथे मी थोडं सावकाश बोलतो, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. मी वकील नाही. भाडे कायद्याचं काम करणाऱ्या नागपुरातल्याच एखाद्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका.

तुमच्या आजोबांनी जागा घेतली तेव्हा इथे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरची राजधानी गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो, तरी हा आदेश विदर्भात पुढे चाळीसहून अधिक वर्षं चालला. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यात व्यवसायाच्या जागेबाबत असं आहे, की भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या जागेत व्यवसाय करणारा घरातला माणूस भाडेकरू होतो. असं कोणी नसेल तर वारस, आणि वारसांचं आपसात ठरलं नाही तर कोर्ट ठरवतं.

हे तुमच्या घरी लावून पाहा. बाबा आजोबांबरोबर गादीवर बसत होते, म्हणून त्यांचा हक्क सरळ आला. तुम्ही पुण्यात आहात. उद्या बाबांचं काही झालं तर त्यांच्याबरोबर त्या जागेत व्यवसाय करणारं घरातलं कोणीच नसेल. मग प्रश्न वारसांचा होईल, म्हणजे आई, तुम्ही आणि बहीण. बहिणीचं मत आज घेतलं नाही तर तेव्हा ते कोर्टात घ्यावं लागेल. तिला आत्ताच, याच आठवड्यात, सगळं सांगा. घरमालकाशी बोलणी झाल्यावर बहिणीला कळलं आणि नातं कायमचं तुटलं, अशी घरं मी पाहिली आहेत, आणि ते पैशांपेक्षा जास्त लागतं.

आणखी तीन गोष्टी सांभाळा. दुकान सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय बंद राहिलं, तर तेवढ्यावर जागा खाली करण्याचा दावा करता येतो. म्हणून ‘तूर्त कुलूप लावून ठेवू’ हा पर्याय नाही. दुसरं, जुन्या माणसाला ‘तू चालव, आम्हाला महिन्याला काहीतरी दे’ म्हणालात तर ते पोटभाड्यात धरलं जाऊ शकतं. तिसरं, भाडं थकवू नका. घरमालक मुद्दाम भाडं घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपून ठेवा.

घरमालकाला वाडा पाडून नवी इमारत बांधायची आहे, एवढ्यावर तो तुम्हाला उठवू शकत नाही. मंजूर नकाशा, बांधायला पैशांची तयारी आणि जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी, हे सगळं कोर्ट पाहतं. महापालिकेने इमारत धोकादायक ठरवली असेल तर प्रकरण वेगळं होतं. वाड्याची भिंत खरंच फुगली असेल, आढं खचलं असेल तर बाबांना तिथे बसवून हक्क सांभाळण्यात अर्थ नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं निम्मं त्यावर अवलंबून आहे.

आता तो देऊ करतो त्या रकमेबद्दल. भाडेहक्क सोडण्याचे पैसे घेणं या कायद्यात वैध आहे, त्यात चोरटेपणा काही नाही. पण ते बँकेतून घ्या. अर्धे रोख देतो म्हणाला तर नाही म्हणा; एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. कराच्या दृष्टीने हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. आजोबांनी पगडी (जागा घेताना भाड्याशिवाय दिलेली एकरकमी रक्कम) दिली असेल आणि तिचा कागद असेल तर ती रक्कम खर्चात धरता येते. नसेल तर खर्च शून्य, म्हणजे सगळी रक्कम नफा, आणि त्यावर १२.५ टक्के कर अधिक सेस. तेव्हा २० लाख म्हणाला तर २० लाख हातात येणार, असं डोक्यात धरू नका.

पैशाऐवजी नव्या इमारतीत दुकान घेणं हाही मार्ग आहे, आणि तुमच्या जागी मी आधी तोच पाहीन. पण तोंडी बोलण्यावर मुळीच जाऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या एका घराचं चाळीस वर्षांचं बांगड्यांचं दुकान होतं, रस्त्यालगत. बिल्डरने ‘तेवढीच जागा देतो’ म्हटलं, घराने विश्वास ठेवला, करारात फक्त चौरस फूट लिहिले. इमारत झाली तेव्हा चौरस फूट बरोबर भरले, पण दुकान मिळालं पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या मागे. बांगडी भरायला येणारी म्हातारी बाई जिना चढून जाईल का? दीड वर्षात दुकान बंद झालं. त्या काकूंनी उरलेल्या बांगड्यांचे खोके माझ्या ऑफिसात आणून ठेवले होते, स्टॉकची किंमत काढायला. म्हणून करारात तळमजला, रस्त्याकडचं तोंड, दर्शनी रुंदी, नकाशावर लाल रेघेने दाखवलेली जागा, तोवरच्या पर्यायी जागेचं भाडं आणि उशीर झाल्यास भरपाई, हे सगळं लिहा. करार नोंदवा. त्याशिवाय किल्ली देऊ नका.

जागेच्या बाजूने एवढंच सांगतो, की तुमच्या भागाला वाईट दिवस आलेत असं मला दिसत नाही. ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रो सेंट्रल अव्हेन्यूने प्रजापती नगरपर्यंत जाते. अग्रसेन चौक आणि चितार ओळी चौक ही स्टेशनं इतवारी-महालच्या दाराशी आहेत. गाडी कुठे लावायची म्हणून पश्चिम नागपुरातली मंडळी इतवारीत यायची टाळत होती; त्यातली काही आता सणाआधी पिशवी घेऊन मेट्रोने येतात. मोठी पोती नेणारा त्याने येणार नाही, पण पाव किलो खसखस आणि दगडफूल घेणारी बाई येते, आणि कमाई तिच्याच यादीत असते.

आता दुकानाचं नाव. तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलं नाही, पण जागा गेली तरी हे एक राहू शकतं. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं नसेल तर आता नोंदवा. लहान व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. अर्जात ‘१९५६ पासून वापर’ असं लिहायचं तर पुरावा लागतो. म्हणून जुनी बिलबुकं, शिक्का, रोजमेळ, लग्नाच्या किराण्याच्या छापील याद्या, दुकानाच्या नावाची दिवाळीची कार्डं, वर्तमानपत्रातली जाहिरात, काहीही रद्दीत देऊ नका. बिकानेरहून नागपूरसह देशभर पसरलेल्या हल्दीराम या नावावरूनही कुटुंबाच्या शाखांमध्ये वर्षानुवर्षं खटले चालले. आपलं दुकान छोटं आहे म्हणून असं होणार नाही, असं समजू नका. उद्या तुमचे एखादे चुलतभाऊ मानेवाड्यात त्याच नावाचा बोर्ड लावतील तेव्हा १९६१ चं एक बिल लाखमोलाचं ठरेल.

जुन्या चोपड्यांवरून एक सांगतो. १९८९ पर्यंत बऱ्याच दुकानांचं हिशेबवर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं; नंतर कायद्याने सगळ्यांचं ३१ मार्चला आणलं. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची रीत मात्र राहिली. त्यामुळे त्याआधीच्या वह्यांत पहिल्या पानावर कुंकू, श्री, दुकानाचं नाव आणि तारीख असं एकत्र सापडतं. बोर्ड रंगवायला घेतलेले पैसेसुद्धा कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबवहीत, लिहिलेले असतात. दुकानाच्या नावाचा याहून चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

आता पारख. भावना बाजूला ठेवूनही मला हीच सगळ्यात मोठी ठेव वाटते, आणि ती सगळ्यात आधी नाहीशी होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्यासारख्याच एका दुकानात विवरणपत्राच्या सह्या घ्यायला गेलो होतो. गादीवरच्या काकांसमोर एक सावजीवाले आले. ‘काका, मागच्या खेपेचं तिखट रंगाला बरं होतं, पण घशाला लागत होतं.’ काकांनी काही विचारलं नाही. मागच्या पोत्यातून एक मिरची घेतली, देठाशी मोडली, बी तळहातावर झटकलं, साल दिव्याकडे धरून पाहिली. मग म्हणाले, ‘हिच्यात बी जास्त आहे. तुम्ही दोन भाग ही घ्या आणि एक भाग भिवापुरी. दगडफूल पाव कमी करा.’ सगळं मिनिटभरात झालं. हे कोणत्या वहीत लिहिलंय? त्यांचा मुलगा दारात उभा राहून मोबाइल पाहत होता.

तुमच्या बाबांकडे असंच काहीतरी आहे, मला खात्री आहे. भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आता त्या नावाने माल कोणीही विकायला बसलाय. कोणती मिरची खरंच भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या जागेवर, देठ खुडून आलेली आणि कोणती दुसरीकडची, हे ओळखणारे मात्र थोडे उरलेत. ते तुम्हाला शिकता आलं तर तुमचं दुकान साखर-रव्याच्या नफ्यातून बाहेर पडून मसाल्याच्या नफ्यात जातं. ते शिकता आलं नाही तर मग दुकान फक्त जागेच्या किमतीचं उरतं, आणि तेव्हा पैसे घेऊन मोकळं होणं चूक नाही.

म्हणून नव्या रूपाबद्दल माझं मत असं. एसी आणि काचा नकोत. दिवे चांगले करा, वजनकाटा बदला, मालाचा हिशेब संगणकावर घ्या. आणि बाबांच्या हाताचे दोन-तीन मसाले पॅकबंद करा: एक सावजी, एक गोडा, एक लग्नाच्या वरण-भाजीचा. दळलेला मसाला सुटा विकायला कायद्याने मनाई आहे. पुष्कळ जुनी दुकानं अजून डब्यातून चमच्याने तिखट मोजून देतात. एखाद्या तपासणीत हे महागात पडतं. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक, दुकानाचं नाव आणि १९५६. हेच पाकीट तुम्ही पुण्यातल्या नागपूरकरांनाही पाठवू शकता, तेही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. सुरुवात पन्नास पाकिटांपासून करा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कमाई आज जुन्या भाड्यावर उभी आहे, जागेचा हक्क तुमच्या पुण्यात असण्याने कच्चा होतोय, नाव मोकळं पडलंय आणि पारख एकट्या बाबांकडे आहे. यातलं काहीही घरमालकाशी बोलून सुटणारं नाही.

धंद्याच्या कागदांचंही बोलायला हवं. बाबा एकट्याच्या मालकीने चालवत असतील तर त्यांच्या मागे खातं अडकतं, जीएसटी नोंदणी वारसाला नव्याने घ्यावी लागते आणि अन्न परवाना मुदतीत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. आज बाबा, आई आणि तुम्ही अशी भागीदारी करून ती नोंदवली तर दुकान एका माणसाबरोबर संपत नाही. दोघांचीच भागीदारी केली तर एक गेल्यावर ती आपोआप मोडते; म्हणून तिघं, आणि ‘एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहील’ हे करारात स्पष्ट लिहिलेलं. पण भागीदारी केल्याने घरमालकाला पोटभाड्याचा मुद्दा मिळू नये, म्हणून मसुदा आधी वकिलाला दाखवा. आणि दुकान एकत्र कुटुंबाचं, म्हणजे एचयूएफचं असेल तर बहिणीचा त्यात तुमच्याइतकाच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून. हे लपवून केलेला करार टिकेल याची खात्री नाही.

शेवटी तुमचा तो ३८ वर्षांपासूनचा माणूस. तुम्ही त्याच्याबद्दल अर्धी ओळ लिहिली आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही, म्हणून कायद्याने तुम्ही त्याला काही देणं लागत नाही. पण त्याच हिशेबाने, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरला, तर १४,००० पगारावर ३८ वर्षांचे ३,०७,००० च्या आसपास होतात. जागेचे पैसे घ्यायचं ठरलं तर घरात वाटणी करण्याआधी एवढे त्याच्या खात्यात टाका. आणि चालवायचं ठरलं तर लक्षात ठेवा, कोणत्या घरात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, किती माणसं जेवतात आणि किती डाळ लागते, हे बाबांच्या खालोखाल त्यालाच माहीत आहे.

आता काय करायचं? घरमालकाला सांगा, दिवाळीपर्यंत उत्तर देत नाही. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही दोन आठवड्यांची रजा काढा, आणि ती पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत काढा. तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, मग महालक्ष्म्यांच्या याद्या, असं दुकान खरं कसं चालतं ते तेव्हाच दिसतं. मारबतीच्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, गिऱ्हाईक काही येणार नाही. तो दिवस बाबांची कागदांची पेटी उघडायला ठेवा. बाबांना शेजारी बसवा आणि एकेक कागद हातात घेऊन विचारत जा. ते बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, नंतर लिहून काढा. माल कोणाकडून, कोणत्या महिन्यात, कोणाच्या शब्दावर. कोणत्या मसाल्याला काय प्रमाण. कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही. दिवसभर गादीवरही बसा. तुम्हाला ते आवडतं का, पाठ दुखते का, गिऱ्हाइकाशी बोलताना जीव रमतो का, हे त्या दोन आठवड्यांत कळेल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पेटीत भाड्याच्या पावत्या निघतील. त्यातल्या सगळ्यात जुन्या पावतीवर कोणाचं नाव आहे, तारीख काय आहे आणि ‘दुकान’ म्हटलंय की ‘गोदाम’, एवढं मला लिहून कळवा. पगडीचा कागद निघाला तर त्याचाही फोटो काढून ठेवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.